चौथी टेप

क्लाक्सविकच्या नगर कार्यालयात, तळघरात,
हेर्गाईर तीस वर्षं संध्याकाळी टेप बदलायचा.
सोमवारची निळ्या पेटीत, मंगळवारची करड्या,
शुक्रवारची मात्र कोटाच्या आतल्या खिशात
घरी न्यायचा.
कार्यालय जळालं तर
गावाची एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी.
त्याची बायको सुन्ना सांगत असे,
आमच्या पावाच्या डब्यात शनिवार-रविवार
अख्खं गाव मुक्कामाला असतं.

ऑक्टोबरात यंत्राचा हात मोडला,
टेप उचलून ड्राइव्हमध्ये सरकवणारा.
सुटा भाग बनवणारी कंपनीच उरली नव्हती.
मग डिस्क आल्या, सहा, खोक्यात,
आणि त्या लावायला मी.

अडचण एकच:
नोंदी ठेवणारा जुना प्रोग्रॅम
टेपखेरीज काहीच ओळखत नाही.
म्हणून मी त्याच्यासाठी खोटा संसार मांडला.
एक फोल्डर, त्याला म्हटलं कपाट.
चोवीस फायली, त्यांना म्हटलं टेप.
प्रत्येकीच्या कपाळी बारकोड.
दोन ड्राइव्ह, जे कुठेच नाहीत,
आणि एक हात, जो कधीच हलत नाही
पण विचारलं की म्हणतो, हललो.

"त्याला सांगणार नाहीस?"
हेर्गाईर मागे उभा, हातात कॉफी निवत चाललेली.
सांगितलं तर काम टाकेल, मी म्हटलं.
तो जरा वेळ गप्प.
"बोट विकली ते आईला आम्ही सांगितलं नव्हतं.
वारा सुटला की विचारायची, दोर बांधलेत ना?
आम्ही म्हणायचो, बांधलेत."

रात्री दहाला पहिली फेरी.
टेप चढव. चढवली.
लिही. लिहिलं.
गुंडाळ. गुंडाळली.
उत्तरं इतकी झटपट
की मलाच धाकधूक, याला संशय आला तर?
पण त्याच्या सवयीत लिहिलेलं होतं:
गुंडाळल्यावर नव्वद सेकंद थांब.
तो थांबला.
जे फिरतच नव्हतं ते फिरायचं थांबेपर्यंत
तो थांबला,
आणि हेर्गाईरचे ओठ हलत होते, मोजत,
अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद,
नव्वदला त्याची मान आपोआप डोलली.
तळघरात तेवढा पंख्याचा आवाज.

ठेवलं म्हणजे राहिलं असं नसतं.
परत आणून पाहावं लागतं.
मी डोळे मिटून एक आकडा निवडला, चार,
आणि चौथ्या टेपला, म्हणजे चौथ्या फायलीला, म्हटलं,
दे काहीतरी.
तिनं मेंढ्यांच्या कानखुणांची वही दिली.
डावा कान: टोक छाटलेलं.
उजवा कान: मागून दोन खाचा.
हेर्गाईर वाकला, चष्मा वर सरकवला.
"ही आमची."
मेंढ्या केव्हाच गेल्या, डोंगरउतार वाटला गेला,
खाचा मात्र इथे, अक्षरशः, दोनच्या दोन.
त्याचं बोट नकळत
स्वतःच्या उजव्या कानामागे गेलं.
कातडीवर कोरलेल्या नोंदीची
एकच प्रत असते, आणि ती चरत फिरते.

मग त्यानं विचारलं ते मला टाळायचं होतं.
"आणि दुसरं छप्पर?"
समुद्राखालच्या केबलनं दुसऱ्या बेटावर
रोज एक प्रत जाईल, मी म्हटलं.
"केव्हापासून?"
बजेट मंजूर झालं की. जानेवारी. कदाचित मार्च.
तो खिडकीकडे बघत राहिला.
तळघराची खिडकी, गुडघाभर उंच,
तिच्यातून धक्का दिसतो
आणि धक्क्याला लागून पाणी.

शुक्रवारी पावणेपाचला तो हजर, कोट घालून.
नोकरी त्याची बुधवारीच संपली होती.
मी सातवी डिस्क काढली, माझ्या पैशांनी आणलेली,
तिच्यावर सगळं उतरवलं, किल्ली लावून,
आणि लोकरी मोज्यात घालून हातात दिली.
आतल्या खिशात ती मावेना.
त्यानं दोनदा प्रयत्न केला,
मग मोजा काखेत धरला, अंड्यांसारखा,
आणि जिना चढताना म्हणाला,
"सुन्नाला फोन कर.
म्हणावं, पाव बाहेर काढ."